पालखीच्या वाटेवर फादर दिब्रिटो

२०१९ च्या सप्टेंबरात बातमी आली, की उस्मानाबादला भरणाऱ्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची एकमताने निवड झाली. न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ मध्ये पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या संमेलनापासून चालत आलेल्या या परंपरेत एक ख्रिस्ती धर्मगुरू पहिल्यांदाच अध्यक्ष होणार होता. इंदापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या स्टाफरूममध्ये ही बातमी मधल्या सुट्टीत पोचली, आणि सगळ्यांच्या माना मराठीच्या बाईंकडे वळल्या. कोणी म्हणालं, ‘‘बाई, अभिनंदन! तुमचेच ना ते?’’

बाईंनी हसून मान हलवली. उत्तर वाटतं तितकं सोपं नव्हतं. फादर कॅथलिक, वसईचे. बाई प्रोटेस्टंट, बारामतीच्या. लहानपणापासून बाईंच्या कानावर असलेले शब्द पाळक, मंडळी, उपासना, प्रभुभोजन हे; फादर आणि मिस्सा हे शब्द दुसऱ्यांच्या घरचे. घरात कॅथलिकांविषयी कोणी वाईट बोलत नसे, पण ‘रोमन लोकांचं वेगळं असतं’ एवढ्या वाक्यावर विषय संपायचा. तरीही गेली कित्येक वर्षं बाईंच्या श्रद्धेला वळण दिलं होतं ते याच रोमन फादरच्या पुस्तकांनी. स्टाफरूममध्ये एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. घंटा झाली आणि त्या नववीच्या वर्गावर गेल्या.

बाईंचं काम समजून घेतल्याशिवाय या वाचनाचा अर्थ लागत नाही. नववी-दहावीला संतकाव्य असतंच. नामदेव, जनाबाई, एकनाथ शिकवावे लागतात, आणि ज्या गावातून तुकोबांची पालखी जाते तिथे ते वरवर शिकवून भागत नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरात माळकरी आजी-आजोबा. हरिपाठ पोरांना पाठ, टाळ धरायचा कसा तेही ठाऊक. अशा वर्गात गळ्यात माळ नसलेल्या, रविवारी चर्चला जाणाऱ्या बाईंनी अभंग शिकवायचा. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात त्या तो व्याकरणासारखा शिकवत. शब्दार्थ, रूपक, अलंकार, भावार्थाच्या चार ओळी. भावार्थ सांगताना आवाज मात्र एका पट्टीच्या वर जाऊ द्यायचा नाही. आपण दुसऱ्याच्या देवघरात पाय ठेवतोय, अशी धास्ती त्यामागे होती.

एकदा नववीच्या तासाला नामदेवांचा अभंग चालू होता. मान-अपमान न जाणणाऱ्या झाडाची उपमा. पूजा करणारा आणि तोडणारा, दोघंही त्या झाडाला सारखेच. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, ‘‘बाई, असं तुमच्या बायबलमध्ये पण असतं का?’’ प्रश्न निरागस होता. उत्तरही बाईंना माहीत होतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो, की देव आपला सूर्य चांगल्यांवर आणि वाईटांवर सारखाच उगववतो, पाऊसही दोघांच्या शेतात पाडतो. पण ते उत्तर वर्गात उच्चारायला जीभ धजली नाही. ‘‘असतं,’’ एवढंच म्हणून त्यांनी पुढचं कडवं घेतलं.

त्याच सुमारास बारामतीच्या एका पुस्तक प्रदर्शनात त्यांच्या हाती ‘सुबोध बायबल’ पडलं. दिब्रिटोंचा हा जाडजूड ग्रंथ. बायबलच्या त्या त्या भागाची पार्श्वभूमी, भूगोल, चालीरीती समजावून देत वाचकाला हाताला धरून पुढे नेणारा. पुढे त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाईंकडे आधीपासून पवित्र शास्त्र होतंच, आजोबांच्या हातचं, कडा मऊ झालेलं. त्यातली भाषा त्यांना आवडे, पण ती फक्त रविवारची भाषा होती. दिब्रिटोंची मराठी आठवडाभराची निघाली. शेत, विहीर, पेरणी, सावकार, लग्नातली गडबड अशा ओळखीच्या शब्दांतून येशू बोलायला लागला. पॅलेस्टाईनचा कोरडा, मेंढपाळांचा मुलूख वाचताना बाईंना बारामतीचा जिरायती पट्टा दिसू लागला.

त्यानंतर त्यांनी मिळेल ते वाचलं. ‘ओॲसिसच्या शोधात’, ‘तेजाची पाऊले’, ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’, मदर तेरेसांवरचं ‘आनंदाचे अंतरंग’, पुढे ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन. वर्तमानपत्रांतले लेख कापून ठेवले. एक गोष्ट त्यांच्या सारखी नजरेत भरे. हा माणूस ज्ञानेश्वर-तुकारामांचं नाव घेतो तेव्हा पाहुण्यासारखं घेत नाही. ते त्याच्या भाषेचे पूर्वज आहेत आणि त्यांच्यावर आपला हक्क आहे, असं गृहीत धरून तो लिहितो. आणि म्हणून येशू काही पातळ होत नाही. बाईंच्या मनातली धास्ती नेमकी हीच होती, की शेजारच्याच्या संतावर मनापासून प्रेम केलं तर आपला देव थोडा कमी होईल. समोर एक धर्मगुरू होता, आयुष्य चर्चला वाहिलेला, आणि त्याच्याबाबतीत तसं झालेलं दिसत नव्हतं.

दिब्रिटो असे का लिहू शकले, याचंही उत्तर बाईंना हळूहळू मिळत गेलं. १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तोवर जगभर लॅटिनमध्ये होणारी मिस्सा लोकांच्या भाषांत आणण्याचा रस्ता तिने मोकळा केला, आणि इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं ऑक्टोबर १९६५ मध्ये लेखी जाहीर केलं. दिब्रिटो १९७२ मध्ये धर्मगुरू झाले, म्हणजे या मोकळ्या हवेत घडलेल्या पिढीतले. वसईत त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन १९८३ पासून २००७ पर्यंत केलं, आणि चर्चच्या मासिकाला समाजातल्या प्रश्नांकडे वळवलं. मागे आणखी मोठा वारसा होताच. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ मध्ये ते छापलं गेलं, तेव्हा तुकाराम महाराज अजून लहान होते.

बाईंच्या स्वतःच्या मंडळीतही या वारशाच्या खुणा होत्या, फक्त तिकडे बाईंचं लक्ष गेलं नव्हतं. रविवारी ‘उपासना संगीता’तली जी गीतं पेटी-तबल्यावर म्हटली जात, त्यातली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. बाईंच्या लहानपणी नाताळच्या रात्री चर्चमध्ये झांजा वाजत, भजनं रंगत, तेव्हा वारकऱ्यांचंच रूप त्यांच्या देवळात येऊन बसलेलं होतं. शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये, मृत्यूच्या तोंडावर, ते काम पुरं केलं. एवढं सगळं चाळीस-पन्नास मैलांच्या परिसरात. त्याकडे पाहायची नजर मात्र वसईहून आली.

तरीही एका जागी बाईंचं आणि दिब्रिटोंचं गणित जुळेना. आणि ती जागा महत्त्वाची आहे.

बाईंचे आजोबा बारामतीकडचे. घर गावकुसाबाहेरचं. ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राइस्ट’ या मंडळींचं मिशन त्या भागात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांपासून काम करत होतं. त्या मिशनमुळे आजोबांच्या घरात अक्षर आलं, दवापाणी आलं आणि ताठ मानेने बसायला एक बाक आला. आजोबांना वारीचं कौतुक नव्हतं. पालखी आली की ते आत जाऊन बसत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ‘‘आमच्या बापजाद्यांना त्या देवळाच्या पायरीपाशी थांबवलं. मी कशाला जाऊ तिकडं?’’ पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारं दलितांना उघडली ती १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तोवर आजोबा जाणते झालेले होते. चोखोबांची समाधी नामदेव पायरीसमोर, महाद्वाराबाहेर आहे, हे त्यांना माहीत होतं, आणि ती बाहेर का आहे तेही.

वसईच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास वेगळा. पोर्तुगीज अमदानीतला, वाड्या-बागायतींचा, गावच्या मधोमध चर्च असलेला. तिथून ज्ञानोबा-तुकोबांकडे मोकळ्या मनाने पाहता येणं आणि गावकुसाबाहेरून आलेल्या घराने तसं पाहणं, यांत अंतर आहे. बाईंनी हे अंतर झाकलं नाही. ‘सुबोध बायबल’च्या समासात त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘आणि आजोबांचं काय?’ असे प्रश्न त्यांच्या प्रतीत बरेच आहेत. कुठे एक रेघ, कुठे दोन, कुठे एखाद्या पानाचा कोपरा दुमडलेला. आवडत्या लेखकाशी भांडत भांडत वाचलेली प्रत कशी दिसते, ते पाहायचं असेल तर ही पाहावी.

उत्तर अखेर सापडलं ते दिब्रिटोंच्या लेखनापेक्षा त्यांच्या कामात. वसईच्या जमिनींवर बिल्डरांची नजर पडली, हिरवा पट्टा खुला करण्याचे घाट घातले गेले, विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं, तेव्हा दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून रस्त्यावर उतरले. मोर्चे, उपोषणं, सभा, आणि त्या मागोमाग धमक्या. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सगळे वसईकर त्या लढ्यात होते, कारण गोड्या विहिरी खाऱ्या होणं हे संकट सगळ्यांच्याच दारात उभं होतं. धर्मगुरूने पाण्यासाठी रस्त्यावर का यावं, या प्रश्नाला दिब्रिटोंनी आपल्या कामाने उत्तर दिलं, की शेजाऱ्यावर प्रेम करा या आज्ञेत त्याची विहीरही येते.

हे वाचताना बाईंना आजोबांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आठवली. साठच्या दशकाच्या अखेरीस बारामती तालुक्याच्या कोरडवाहू भागात पाझर तलावांची कामं निघाली. हेझल स्कूज आणि एडना वॉझर या ऑस्ट्रेलियन मिशनरी बायका आणि तरुण शरद पवार यांच्या पुढाकाराने चर्चच्या ‘कासा’ या मदतसंस्थेकडून आलेलं धान्य आणि तेल मजुरीपोटी दिलं जाई. तांदूळवाडीचा तलाव हा त्यातला सुरुवातीचा. तिथून पुढे तलावांची रांगच लागली, आणि त्याच कामातून १९७१ मध्ये बारामतीचं कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं. आजोबांनी अशाच एका तलावावर माती वाहिली होती. गावातले मराठे, धनगर, महार, मांग, सगळे त्याच घमेल्यांच्या रांगेत. आजोबा सांगत, ‘‘तळ्यात पानी आलं तवा इहिरीला बी आलं. पानी कुनाची जात इचारत नाय.’’ ज्या आजोबांनी वारीकडे पाठ फिरवली, त्यांनीच गावाच्या विहिरी भरायला हात लावला होता. बाईंना जोडायला धागा मिळाला. देवळाच्या दारातून आजोबांना जाता आलं नाही, पण तळ्याच्या बांधावरून ते गावात आले होते.

इंदापूर तालुक्यात पाण्याचा प्रश्न आजही घरोघरी चालू असतो. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन टेलच्या गावांपर्यंत पोचतं की नाही, यावर ऊस, डाळिंब आणि मुलांच्या फिया ठरतात. एका बाजूला उजनीचं पाणी दूरवर पसरलेलं, भिगवणला रोहित पक्ष्यांचे थवे, आणि दुसऱ्या बाजूला टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या. बाईंनी नववीच्या प्रकल्पात मुलांना गावातल्या जुन्या विहिरी, आड, तलाव यांच्या नोंदी करायला लावल्या. कोणी खणला, कोण पाणी भरायचं, कोणाला भरू देत नसत. शेवटचा प्रश्न विचारायला मुलं बिचकली. उत्तरं द्यायला म्हातारी माणसं बिचकली नाहीत.

१० जानेवारी २०२० ला उस्मानाबादेत संमेलनाचं उद्घाटन झालं. कवी ना. धों. महानोर उद्घाटक होते. अध्यक्ष ख्रिस्ती धर्मगुरू आहे म्हणून निवडीपासूनच विरोधाचे सूर निघाले होते, धमकीचे फोन झाले होते, महानोरांनी जाऊ नये असंही त्यांना सांगण्यात आलं होतं. महानोर आले. बाईही एका सहशिक्षिकेला सोबत घेऊन टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी करत एस. टी. ने पोचल्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी पोटऱ्यात आलेली. संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचं नाव दिलेलं होतं.

मंडपात त्यांना जागा मिळाली ती बरीच मागे. दिब्रिटोंना पाठीचा तीव्र त्रास होता. त्यांना व्हीलचेअरवरून व्यासपीठावर आणलं तेव्हा बाईंच्या पोटात गलबललं. इतकी वर्षं ज्याच्याशी समासातून वाद घातला तो माणूस लांबून एवढा लहान, एवढा थकलेला दिसत होता. मग तो बोलायला लागला. मराठीविषयी, संतांविषयी, देशातल्या वाढत्या असहिष्णुतेविषयी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांवर हल्ला होऊन आठवडाही उलटला नव्हता. त्याचाही उल्लेख त्यांनी टाळला नाही. ज्याच्या नावावर आधीच आक्षेप घेतले गेलेत, त्याने या व्यासपीठावरून गोड बोलून वेळ निभावली असती तरी कोणी दोष दिला नसता. बाईंना आपला ‘असतं’ एवढ्यावर आटोपलेला तास आठवला.

बाईंचं आणि फादरांचं प्रत्यक्ष बोलणं कधीच झालं नाही. तब्येतीमुळे फादरांना लवकर परतावं लागलं. पिशवीतून नेलेलं ‘सुबोध बायबल’ सहीशिवाय परत आलं. बाईंना त्याची खंत नाही. भेट व्हायची ती झाली, असं त्या म्हणतात, आणि हे म्हणताना त्यांच्या आवाजात कसलीही समजूत घातल्याचा सूर नसतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली. आषाढीला वारीची वाट सुनी राहिली, पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या पालखी सोहळ्याचा आवाज त्या वर्षी तालुक्याने ऐकला नाही. पुढे वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा बाईंनी मुख्याध्यापकांना सांगून शाळेतल्या मुक्कामाची जबाबदारी स्वतःकडे मागून घेतली.

बारामतीचं शारदा प्रांगण सोडून पालखी काटेवाडीला येते. तिथे धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्यांचं रिंगण होतं. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, आणि पुढे सराटीला नीरेच्या काठी पादुकांना स्नान. या सगळ्या वाटेवरच्या शाळा त्या दिवसांत दिंड्यांच्या होतात. बाईंच्या शाळेतही बाकं भिंतीशी एकावर एक रचली जातात, फळ्यावरचं गणित पुसलं जातं, मुलं बादल्यांनी वर्ग धुऊन काढतात. दुपारी दिंडीचा ट्रक येतो. त्यातून पातेली, गॅसच्या शेगड्या, गोणपाटं, पत्र्याच्या पेट्या उतरतात. मुलींच्या स्वच्छतागृहापाशी पाण्याचं पिंप भरलेलं आहे ना, हे बाई स्वतः पाहतात, कारण आलेल्या बायकांची पहिली चौकशी त्याचीच असते. मग पिंडऱ्यांना लावायला तेल. एका म्हाताऱ्या वारकरणीच्या टाचेच्या भेगा धुऊन त्यात मलम भरताना बाईंना कळलं, की शेवटच्या भोजनाच्या रात्री येशूने शिष्यांचे पाय धुतले ती गोष्ट आपण इतकी वर्षं फक्त वाचत होतो.

‘‘तुमी माळकरी न्हाय?’’ त्या म्हातारीने गळ्याकडे बघत विचारलं.

‘‘नाही आजी. आम्ही ख्रिस्ती.’’

‘‘बरं. त्या दुसऱ्या पायाला बी लावा.’’

बाईंच्या मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हे पटलेलं नाही. सेवा करा, पण कीर्तनाला कशाला बसायचं, असं त्यांचं म्हणणं. बाई त्यांच्याशी भांडत नाहीत. आजोबांचा राग त्यांना त्या बोलण्यात ओळखू येतो, आणि तो राग खोटा होता असं त्या मानत नाहीत. रविवारी त्या चर्चमध्ये आपल्या ठरलेल्या बाकावर असतात, प्रार्थना चालवतात, मुलांच्या संडे स्कूलला शिकवतात. श्रद्धा सैल झाली का, असं विचारणाऱ्याला त्या सांगतात, की पूर्वी मी प्रार्थनेत शेजाऱ्यांसाठी मागत होते, आता त्यांची नावं घेऊन मागते.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी वसईत गेले. आषाढी एकादशी होऊन आठवडा उलटला होता. त्या दिवशी बाईंनी नववीच्या वर्गात धडा बाजूला ठेवला आणि ते कोण होते ते मुलांना सांगितलं. वसई तालुक्यातल्या नंदाखालचा मुलगा धर्मगुरू कसा झाला, मासिक कसं चालवलं, विहिरींसाठी कसा लढला, संमेलनात काय बोलला. मग नामदेवांचा झाडाचा अभंग काढला, आणि त्याच्याशेजारी डोंगरावरच्या प्रवचनातला सूर्य आणि पाऊस ठेवला. या वेळी मागच्या बाकावरून प्रश्न यायची वाट त्यांनी पाहिली नाही. दोन्हींत काय सारखं आणि काय वेगळं, हे मुलांकडून फळ्यावर लिहून घेतलं. वेगळं काय, याची यादी जास्त लांबली, आणि बाईंना ते आवडलं.

आता ‘सुबोध बायबल’ची ती प्रत त्यांच्याकडे नाही. पंचक्रोशीत कीर्तन करणाऱ्या एका महाराजांनी ती वाचायला नेली आहे. मधून मधून त्यांचा फोन येतो. परवा त्यांनी विचारलं, उधळ्या मुलाच्या गोष्टीत बाप धावत पुढे जातो ते ठीक, पण घरी राबणाऱ्या थोरल्या भावाचं पुढे काय झालं? तो मेजवानीला आत गेला का? बायबलमध्ये त्याचं उत्तर दिलेलं नाही. बाईंनी महाराजांना शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बोलावलं आहे. समासातले पेन्सिलीचे प्रश्न त्यांनीही वाचले आहेत, आणि आजोबांविषयीच्या प्रश्नावर त्यांना पहिल्यांदा बोलायचं आहे.